पहिली उचल

हल्ली कॉफीच्या पाकिटांवर माणसे दिसू लागली आहेत. आमच्या लहानपणी पाकिटावर कप असायचा, कपातून वाफेच्या दोन नागमोडी रेघा निघायच्या आणि खाली बारीक अक्षरांत चिकोरीचे प्रमाण छापलेले असायचे. (ते आजही छापतात आणि अवश्य वाचावे. कायद्याने कॉफीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते.) आता पाकिटावर डोक्याला फडके बांधलेली, सुरकुतल्या चेहऱ्याची, हसरी शेतकरीण असते. तिच्या ओंजळीत लालभडक फळे असतात. पाठीमागे लिहिलेले असते की, ही कॉफी विकत घेऊन तुम्ही एका लहान शेतकऱ्याच्या आयुष्यात बदल घडवीत आहात. पाव किलोला सहाशे रुपये.

या पाकिटांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यामागे पुष्कळदा खरी तळमळ असते, आणि कॉफीसुद्धा बऱ्याचदा चांगली असते. पण सगळी नोकरी बँकेत गेली असल्याने मला चेहऱ्याआधी खतावणी पाहायची खोड आहे. त्या बाईला पैसे किती मिळाले, हे मला हवे आहेच; पण त्याच्याही आधी मला तारीख हवी आहे. फळे तिने जानेवारीत दिली. पैसे तिला कधी मिळाले? शेतकऱ्याला न्याय देणारा धंदा कोणता, याची परीक्षा माझ्या मते या एका तारखेवर होते, आणि नेमकी तीच तारीख कुठल्याही पाकिटावर छापलेली नसते.

कॉफी आणि न्याय ही जोडी मुळात एका कादंबरीने जमवली आहे, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. एदुआर्द दौवेस देकर नावाचा एक डच सरकारी अधिकारी १८५६ साली जावा बेटावरच्या लेबाक या भागात नेमणुकीवर होता. आजच्या इंडोनेशियावर तेव्हा डचांचे राज्य होते. १८३० पासून तेथे अशी पद्धत होती की, गावकऱ्यांनी आपल्या जमिनीचा आणि श्रमांचा वाटा सरकारला हव्या त्या निर्यातीच्या पिकासाठी द्यायचा. त्यात कॉफी मोठी. देकरने स्थानिक सरदाराच्या जुलमाविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली, वरिष्ठांनी त्याला गप्प राहायला सांगितले, त्याने राजीनामा दिला. पुढे कफल्लक अवस्थेत त्याने एक कादंबरी लिहिली आणि ‘मुल्तातुली’ या टोपणनावाने ती १८६० साली प्रसिद्ध केली. ‘माक्स हावेलार’ हे तिचे नाव.

या कादंबरीतली मौज अशी की, तिची सुरुवात एक कॉफीचा दलाल करतो. ॲमस्टरडॅममध्ये राहणारा, हिशेबाला चोख, कवितेचा तिटकारा असणारा, देवभीरू गृहस्थ. त्याचे आडनाव ड्रोखस्टॉपेल, म्हणजे आपल्या भाषेत वाळका धसकट. अशी माणसे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहिली आहेत, त्यामुळे तो मला फार ओळखीचा वाटला. आणि कॉफीच्या नावाने गाजलेल्या या पुस्तकातली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट कॉफीची नाहीच. ती एका कुटुंबाच्या म्हशींची आहे. सरदाराची माणसे म्हैस ओढून नेतात. बाप कसाबसा दुसरी घेतो, तीही नेतात. म्हैस गेली की नांगर थांबला, नांगर थांबला की घर उठले. हे पान वाचताना कादंबरीकार म्हणून मी थक्क झालो. पण त्यातला अर्थ मला उमगला तो बँकवाला म्हणून. लहान शेतकऱ्याचा घात पीक बुडाल्याने होतोच असे नाही. दोन हंगामांच्या मधली भांडवलाची वस्तू हातातून गेली की होतो.

सव्वाशे वर्षांनी, १९८८ साली, हॉलंडमध्ये न्याय्य व्यापाराच्या कॉफीला पहिला शिक्का मिळाला तेव्हा त्याला याच कादंबरीचे नाव दिले गेले. निको रोझेन हे संस्थेचे कार्यकर्ते आणि फ्रान्स व्हान दर होफ हे मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतात आदिवासी कॉफी-उत्पादकांत राहणारे डच धर्मगुरू, अशा दोघांनी तो उभा केला. कॉफी आली ती तिथल्या ‘उसिरी’ या शेतकऱ्यांच्याच सहकारी संघाकडून. आम्हाला युरोपातून देणग्या नकोत, आमचा माल नीट भावाने घ्या, हा त्या शेतकऱ्यांचा आग्रह होता. कादंबरीकाराचे पात्र कॉफीच्या पुड्यावर छापले जाणे, हा मान जगातल्या फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आला असेल. आम्हा लोकांची पुस्तके पुड्या बांधायला जातात, ते निराळे.

हा शिक्का आला आणि पुढच्याच वर्षी जगातला कॉफीचा बाजार कोसळला. १९६२ पासून कॉफी पिकवणारे आणि पिणारे देश एका आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले होते. कोणी किती माल बाहेर काढायचा याचे हिस्से ठरत आणि भाव सावरून धरला जाई. १९८९ च्या जुलैत ही हिश्शांची पद्धत मोडली. त्यानंतरची सर्वांत वाईट घसरण २००१ साली झाली. न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली, तेव्हा न्याय्य व्यापाराचा किमान भाव सव्वा डॉलरच्या आसपास होता. ज्यांच्या कॉफीला तो भाव मिळाला ते तरले. पण शिक्का असूनही सगळा माल त्या भावाने कधीच विकला जात नाही. पुष्कळ संघ आपल्या मालाचा काही भागच त्या भावाने विकू शकतात आणि उरलेला नेहमीच्या बाजारात घालतात. शिक्क्याचे शुल्क आणि तपासणीचा खर्च मात्र ठरलेलाच.

त्या घसरणीच्या काळात मी कर्नाटकात कूर्ग, म्हणजे कोडगू जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. मराठी माणूस कूर्गला गेला की धुके, मिरीचे वेल आणि संत्री पाहून येतो. मी तीन पावसाळे कर्जखाती पाहिली. आपल्याकडे कॉफीचा मळा म्हटले की साहेबाचा बंगला डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कॉफी बोर्डाच्या व्याख्येप्रमाणे १० हेक्टरपर्यंतचा तो लहान मळेवाला, आणि देशातल्या मळ्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मळे या गटात येतात. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. आपल्या सातबाऱ्याच्या मानाने तो बागायतदारच झाला. पण माझ्या शाखेत येणारे बहुतेक जण दोन-तीन-चार एकरवालेच होते.

त्यांच्या वर्षाचा हिशेब असा. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्याच्या मागोमाग फेब्रुवारीपर्यंत. पैसा येणार तो या तीन-चार महिन्यांत. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस वेळेवर आला तर फुलोरा येणार. नाही आला तर पंपाने पाणी द्यायचे, म्हणजे डिझेल. मग खत, तण काढणे, सावलीच्या झाडांच्या फांद्या उतरवणे, झुडपांची छाटणी. जून उजाडला की मुलांच्या शाळा आणि कोसळणारा पाऊस एकदमच येतात. ऑगस्टमध्ये घरात पैसा नसतो. कॉफीच्या गावात ऑगस्ट महिना कसा असतो हे ज्याने पाहिलेले नाही, त्याने लहान शेतकऱ्याच्या कल्याणाची योजना आखू नये असे माझे मत आहे.

या ऑगस्टमध्ये गावातला व्यापारी पैसे देतो. आपल्या ऊसपट्ट्यात ज्याला उचल म्हणतात तीच ही. कागद नाही, तारण नाही. बोली एवढीच की जानेवारीत माल माझ्या वखारीत पडला पाहिजे. आणि माल पडला की खरी मेख पुढे असते. वाळवलेल्या फळाची ५० किलोची गोणी आली की व्यापारी तिच्यातून ओंजळभर नमुना काढतो, साल काढून आतल्या बिया तोलतो आणि त्यावरून ठरवतो की या गोणीत बी किती किलो निघेल. ओलावा किती तेही तोच मोजतो. निघणाऱ्या बीवर भाव. एका किलोचा फरक पडला तरी गोणीमागे बऱ्यापैकी रक्कम इकडची तिकडे होते. तराजू त्याचा, नमुना त्याने काढलेला, आणि समोर उभा असलेला माणूस त्याचा ऋणको. घासाघीस कोण करणार?

तरीही त्या व्यापाऱ्याला खलनायक करायला मी तयार नाही. सरकारी कॉफीची आठवण त्या गावातल्या म्हाताऱ्यांना ताजी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालण्याची सक्ती होती. बोर्ड ती विकणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने येणार. विदर्भातल्या वाचकांना एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस आठवले तर चित्र स्पष्ट होईल. १९९२ पासून ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत सगळे मळेवाले मोकळे झाले. ‘बोर्डाचा भाव वाईट नव्हता,’ एक म्हातारा मला म्हणाला होता, ‘पण शेवटचा हप्ता येईपर्यंत पुढचे पीक झाडावर लागलेले असायचे.’ व्यापारी कमी देई, पण त्या रात्री देई. घरात बाळंतपण अडले तर रात्री दहाला त्याचे दार वाजवता येत असे. आमच्या बँकेचे दार दोनला बंद होई, आणि जमिनीच्या कागदावर अजून आजोबांचेच नाव असले तर उघडे असतानाही बंदच.

शेजारच्या वायनाडात त्याच वर्षांत कॉफी आणि मिरी दोन्ही एकदम पडली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तो जिल्हा तेव्हा वर्तमानपत्रांत सतत येत होता. केरळ सरकारला २००६ साली शेतकरी कर्जमुक्ती आयोगाचा कायदा करावा लागला. म्हणून मी जेव्हा ‘तारीख’ म्हणतो तेव्हा तो कारकुनी हट्ट समजू नये.

हे सगळे आठवण्याचे कारण माझी भाची. पुण्यात संगणकाची चांगली नोकरी सोडून तिने आणि तिच्या मैत्रिणीने कॉफीचा धंदा काढायचे ठरवले आहे. चिकमगळूरकडच्या लहान शेतकऱ्यांकडून थेट माल घ्यायचा, वारज्याच्या एका शेडमध्ये भाजायचा आणि विकायचा. माझ्याकडे ती आली ती बँकेचा प्रस्ताव लिहून घ्यायला. तिच्या कागदांत पाकिटाची तीन चित्रे होती, बोधचिन्ह होते आणि नफ्याचे दहा टक्के गावातल्या शाळेला देण्याचा संकल्प होता.

‘‘पैसे कधी देणार?’’ मी विचारले.

‘‘कोणाला, शाळेला?’’

‘‘शेतकऱ्यांना.’’

‘‘जसजसा माल विकला जाईल तसतसे. पण भाव बाजारापेक्षा जास्त देणार आहोत, मामा. वीस टक्के.’’

मी पाटीपेन्सिल घेऊन बसलो. मुलींना आकडे दाखवले ते येथेही मांडतो, कारण या विषयावर भावना पुष्कळ आणि बेरजा कमी असतात.

समजा, तिने पाच टन कच्ची कॉफी घेतली. म्हणजे ५० किलोच्या शंभर गोण्या. समजा, किलोला ५०० रुपये. झाले २५ लाख. कॉफी भाजली की वजन साधारण सहाव्या हिश्शाने घटते, तेव्हा हाती येणार चार हजार दीडशे किलोच्या आसपास. ही वर्षभर थोडी थोडी विकली जाणार. सगळ्या शेतकऱ्यांना जानेवारीतच रोख दिले तर वर्षाच्या सुरुवातीला २५ लाख अडकतात आणि शेवटी शून्य, म्हणजे सरासरी साडेबारा लाख. वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचे व्याज दीड लाख. ते चार हजार दीडशे किलोंवर वाटले तर किलोमागे ३६ रुपये. एका कपाला दहा ग्रॅम पूड धरली तर कपामागे ३६ पैसे.

आता तेच ओझे शेतकऱ्यावर टाकून पाहा. मालाचे पैसे वर्षभर तुकड्यातुकड्याने येणार म्हटल्यावर खत, मजुरी आणि शाळा यांच्यासाठी तो गावात कर्ज काढणार. खेड्यातला दर तीन रुपये शेकडा धरला, म्हणजे महिन्याला तीन टक्के, तर वर्षाला ३६. जे ओझे तिला दीड लाखाचे, तेच त्या सर्वांना मिळून साडेचार लाखांचे. आणि बाजारापेक्षा वीस टक्के जास्त भाव देते म्हणून जे पाच लाख ती मोठ्या मनाने देणार होती, त्यातले बहुतेक सगळे सावकाराच्या गल्ल्यात. शाळेला देणगी वेगळी.

म्हणजे पैसा ज्याला स्वस्तात मिळतो त्याने तो आधी मोकळा करावा. न्याय्य व्यापाराच्या नियमांतही हे कलम आहे: उत्पादकांनी मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेपैकी साठ टक्क्यांपर्यंत आगाऊ पैशांची सोय करायची. किमान भावाची चर्चा जगभर होते, या कलमाची होत नाही. त्याचे छायाचित्र निघत नाही ना!

आपल्याकडे ही गोष्ट कोणाला नव्याने शिकवायला नको. पश्चिम महाराष्ट्रात दुधाचे बिल दहा दिवसांनी होते, आणि घरोघरी त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात. दुधाच्या भावावरून रस्त्यावर दूध ओतले गेले आहे, पण त्या दहा दिवसांच्या पगारावर बायकांनी घरे चालवली आहेत. उसाला १९६६ च्या नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत आहे, पुढे दिरंगाई झाली तर १५ टक्के व्याज. कारखाने ती किती पाळतात हे कोल्हापूर-सोलापूरच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. पण मुदत लिहिलेली आहे, म्हणून तिच्यावर भांडता तरी येते. कॉफीच्या पाकिटावर ‘शेतकऱ्याला ७ दिवसांत रोख’ एवढी एक ओळ छापा आणि ती खोटी ठरली तर आम्हाला भांडू द्या.

भाचीने यावर एक रास्त शंका काढली. ‘‘मामा, मी जानेवारीचा भाव ठरवून करार केला आणि बाजार वर गेला तर ते माल मला देतील का?’’

देणार नाहीत, निदान सगळे देणार नाहीत. सद्‌भावनेने चालणाऱ्या धंद्यांची पाकिटे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आपण अजूनही समजतो की शेतकऱ्याचा शत्रू पडता भाव. गेल्या काही वर्षांत जगभरच्या कॉफी सहकारी संघांना हैराण केले ते चढत्या भावाने. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. न्याय्य व्यापाराचा किमान भाव २०२३ साली वाढवून १ डॉलर ८० सेंट केला होता. बाजार त्याच्या दुपटीपलीकडे. जुन्या भावाने करार केलेले संघ अडकले. सभासद रात्री व्यापाऱ्याला माल घालू लागले. दहा वर्षे ज्या संघाने भाव सावरून धरला त्याच्याशी ही बेइमानी, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे खाली राहिलेला भाव एकदा वर आला असताना मुलीचे लग्न अंगावर असलेल्या माणसाने निष्ठा दाखवावी, ही अपेक्षा ज्याच्या पगाराला दर वर्षी महागाईभत्ता जोडला जात होता त्याने करू नये. म्हणजे मी.

उपाय आहे, पण तो विक्रेत्याला आवडत नाही. करारात भाव बांधू नये; तळ बांधावा आणि वरची बाजू मोकळी ठेवावी. माल आला त्या दिवशीचा बाजारभाव अधिक ठरलेली वाढ, आणि काही झाले तरी अमुक रकमेच्या खाली नाही. याचा अर्थ धोका दोन्ही बाजूंनी विकणाऱ्यावर. तो त्याने गिऱ्हाइकाकडून वसूल करावा, आणि ते जमते. वरच्याच उदाहरणात कच्च्या कॉफीचा भाव ५०० वरून ६०० झाला तर एका कपामागे वाढतो सव्वा रुपया. ज्या हॉटेलात तो कप दोनशेला मिळतो तेथे भाडे, वीज, दूध, पगार यांचा खर्च खराच असतो, त्यांना मी लुटारू म्हणत नाही. पण कॉफी महागली म्हणून कप वीस रुपयांनी वाढवला असे कोणी सांगितले तर सव्वा रुपया लक्षात असावा.

आपल्या देशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर आंध्र प्रदेशातल्या अरकू खोऱ्यात जावे. पूर्व घाटातला हा आदिवासी मुलूख. डोंगर जाळून, दोन-चार वर्षे पीक काढून पुढे सरकायचे, अशी ‘पोडू’ शेती तेथे चाले. तिला पर्याय म्हणून सरकारने आदिवासी कुटुंबांना कॉफी लावायला दिली. माल आठवडी बाजारात मध्यस्थाच्या हाती जाई. मग एकीकडे सरकारचे गिरिजन सहकारी महामंडळ खरेदीत उतरले, दुसरीकडे ‘नांदी’ या संस्थेच्या साह्याने शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेच्या कामात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की वाळवलेल्या गोणीची वाट न पाहता ताजी फळेच घेतली जातात आणि ती किती पिकलेली आहेत त्यावर भाव ठरतो. फळ लाल की हिरवे, हे तराजूवाल्याइतकेच विकणाऱ्यालाही दिसते. ओंजळभर नमुन्याची ती अंधारी खोली मधून गेली. २०१७ साली या कॉफीचे दुकान पॅरिसमध्ये निघाले, २०१९ साली अरकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ च्या मार्चमध्ये महामंडळाच्या कॉफीचा स्टॉल थेट संसदेच्या आवारात लागला. पॅरिसचे कौतुक आपल्याला जरा जास्तच असते. मला विचाराल तर पोचपावतीसकट फळांच्या घाटावर मिळणारा रोख पैसा हा त्याहून मोठा पराक्रम.

आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफीची झुडपे आहेत, हे मेळघाटात सहलीला जाणाऱ्यांना माहीत असते. पीक थोडे, कौतुक पुष्कळ. तिथले पाकीट घेताना दुकानदाराला तारखेचा प्रश्न विचारायला हरकत नाही. पहिल्यांदा तो चमकेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की उत्तर तयार ठेवील.

एक गोष्ट मात्र भाचीच्या कागदांत नव्हती, आणि खरे सांगायचे तर कोणाच्याच कागदांत फारशी दिसत नाही. लहान शेतकरी हा शेवटचा माणूस नव्हे. तोडणीला त्यालाही मजूर लागतात. कोडगूत यरव आणि कुरुब आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले, आता आसामकडून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. तोडणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी किलोवर असते. फांदी हातात धरून ओरबाडली की हिरवी-लाल सगळी फळे टोपलीत येतात आणि संध्याकाळी वजन चांगले भरते. पण उत्तम कॉफी हवी तर फक्त पिकलेले फळ एकेक करून वेचावे लागते, त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परत यावे लागते. त्यात दिवसाचे वजन घटते. म्हणजे पुण्यातल्या गिऱ्हाइकाने चवीसाठी जादा पैसे मोजले, शेतकऱ्याला जादा भाव मिळाला, आणि ज्या बाईने डोळ्यांत तेल घालून लाल फळे निवडली तिची त्या दिवसाची मजुरी कमी झाली, असे होऊ शकते. काही मळेवाले अशा तोडणीला किलोचा हिशेब सोडून दिवसाचा रोज देतात. भाचीला मी सांगितले आहे की शेतकऱ्यांशी बोलणी करशील तेव्हा हा रोज भावात धरून बोल, आणि तो दर शनिवारी चुकता होतो की नाही हे आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे जाऊन पाहा. तिने वहीत लिहून घेतले. तोडणीच्या दिवसांत दोघी आठ दिवस तिकडे राहायला जाणार आहेत.